आमच्या नावाचा खंदक

इंग्लंड आणि वेल्स यांच्या सीमेवर, टेकड्यांच्या उतारांवरून आणि मेंढ्यांच्या कुरणांतून, मातीचा एक लांबच लांब बांध गेलेला आहे. एका अंगास खंदक आणि दुसऱ्या अंगास त्याच खंदकातून उपसलेल्या मातीचा उंचवटा, असे त्याचे साधे रूप. आठव्या शतकात मर्सिया नामक राज्यावर ओफा राजाचा अंमल होता (इ. स. ७५७ ते ७९६). हे काम त्याचे, असे परंपरा सांगते. म्हणून त्यास ओफाचा बांध म्हणतात. १९७१ साली त्याच्या अनुरोधाने सुमारे २८५ किलोमीटर लांबीची पायवाट लोकांसाठी खुली करण्यात आली. अशा जुन्या मातीकामापुढे उभे राहिले असता प्रथम पाहावयाचे ते खंदक कोणत्या अंगास आहे हे. ओफाच्या बांधाचा खंदक पश्चिमेस, वेल्सच्या बाजूला आहे. म्हणजे माती उपसणारे पूर्वेचे, आणि धास्ती पश्चिमेची. राजे गेले, राज्ये गेली, भाषाही ओळखू येईनाशी झाली. पण कोणाला कोणाची भीती होती, एवढी एक गोष्ट त्या जमिनीने बाराशे वर्षे सांभाळून ठेवली आहे.

त्याच देशात दक्षिणेकडे 'वॉन्सडाइक' नावाचा दुसरा बांध आहे. त्याचा खंदक उत्तरेस. तो नेमका कोणी आणि कोणाविरुद्ध घातला, याविषयी विद्वानांत अद्याप वाद आहेत. मागाहून आलेल्या सॅक्सन लोकांना एवढे प्रचंड काम माणसांचे वाटेना. त्यांनी ते वोडन या आपल्या देवाच्या नावावर मांडले. केंब्रिजच्या बाजूचा सुमारे बारा किलोमीटरांचा एक बांध तर सरळ सैतानाच्या नावे आहे, आणि त्याच्या कडेस आज घोड्यांच्या शर्यती चालतात. आपल्याकडे लेणी दिसली की ती पांडवांची आणि पडके दगडी देऊळ दिसले की ते हेमाडपंताचे, त्यातलाच हा प्रकार. खणणारा विसरला गेला की लोक देवाला तरी पुढे करतात, नाही तर राक्षसाला.

महाराष्ट्रातही जुने मातीकाम आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून जे उत्खनन केले, त्यात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा एक बांध आणि पाण्याचा पाट सापडला. तो पुराचे पाणी वळवून शेतीस देण्यासाठी घातलेला. भंडारा जिल्ह्यातील पवनीला प्राचीन नगराभोवतीचा मातीचा तट आणि खंदक आजही ओळखू येतो. परंतु ज्या खंदकाविषयी येथे लिहावयाचे आहे तो महाराष्ट्रापासून फार दूर, कोलकात्यात होता. तो आम्ही खणला नाही. तो आमच्यापासून बचाव व्हावा म्हणून खणला गेला, आणि ज्यांची भीती त्यांचेच नाव त्यास पडले. त्यास 'मराठा खंदक' म्हणतात. इतिहासाच्या पुस्तकांत इंग्रजी उच्चाराने 'मराठा डिच' म्हणून त्याचा उल्लेख येतो. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या आपणां लोकांस त्याची हकीकत माहीत असावी, असे आम्हांस वाटते.

हकीकत १७४२ सालची. त्यापूर्वी दोन वर्षे, १७४० मध्ये, अलीवर्दीखानाने आपल्या धन्याच्या मुलाला लढाईत मारून बंगाल, बिहार आणि ओरिसा या तिन्ही प्रांतांची नबाबी मिळवली होती. नागपूरला रघूजी भोसले बळावले होते. मोगली सुभ्यांवरील चौथाईचा हक्क सांगून पूर्वेकडे हात पसरण्यास हा समय त्यांना योग्य वाटला. त्यांनी आपले कारभारी भास्कर राम कोल्हटकर यांस घोडदळ देऊन रवाना केले. बंगाल्यांच्या लेखी हे 'भास्कर पंडित'. एप्रिलमध्ये बरद्वानजवळ त्यांनी नबाबास कोंडीत धरले. नबाब कसाबसा लढत काटव्याला पोहोचला. नबाबावर रुष्ट झालेला मीर हबीब नावाचा एक इराणी सरदार मराठ्यांना येऊन मिळाला होता. त्याच्या वाट दाखविण्याने मे महिन्यात सातशे स्वारांची एक तुकडी रातोरात राजधानी मुर्शिदाबादेवर गेली आणि जगत्शेठांची पेढी लुटून परतली. मग हुगळीचे बंदर हाती आले. गंगेच्या पश्चिमेचा बराचसा मुलूख पावसाळाभर मराठ्यांच्या ताब्यात राहिला.

आता या स्वारांस बंगालीत 'बर्गी' म्हणतात. तो शब्द आपलाच आहे. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर. बारगीराचे बर्गी झाले आणि बंगाली घराघरांत पोहोचले. मूल झोपत नसले तर आपल्याकडे आई बागुलबुवा येईल म्हणते. बागुलबुवा कोणी पाहिलेला नसतो. बंगालमधील आयांना असा काल्पनिक प्राणी शोधावा लागला नाही. तेथील प्रसिद्ध अंगाईगीतात बर्गी येतो, आणि बर्गीच्या पाठोपाठ सारा कसा भरावा याची चिंताही येते. अंगाईगीतात साऱ्याची चिंता! चौथाई म्हणजे काय, हे आम्ही वर्गात फळ्यावर आकडे मांडून अनेक वर्षे शिकवीत आलो. देणाऱ्याच्या बाजूने तिचा अर्थ काय होता, हे मात्र त्या पाळण्यावरच्या गाण्याइतके कोणत्याच पाठ्यपुस्तकाने आम्हांस सांगितले नव्हते.

त्या दिवसांचा एक समकालीन साक्षीदार आहे. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने 'महाराष्ट्र पुराण' या नावाचे काव्य लिहिले. त्याच्या हस्तलिखितावर बंगाली सन ११५८, म्हणजे इ. स. १७५१ चा काळ आहे. १९६५ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतरही प्रसिद्ध झाले. नाव वाचून एखाद्याची छाती फुगावी; आत मात्र निराळेच आहे. बर्गी येत आहेत म्हटल्यावर गावे कशी उठली, त्याची यादीच कवीने दिली आहे. पंडित पोथ्यांचे भारे घेऊन निघाले, सोनार तराजू घेऊन, कुंभार आपले चाक घेऊन, कोळी जाळी घेऊन. कोणी विचारले की तुम्ही का पळता, तर उत्तर असे की सगळे पळत आहेत म्हणून आम्हीही पळतो. मग बर्गींनी धरले की काय होई, ते कवी आडपडदा न ठेवता सांगतो. स्त्रियांवरील अत्याचारांविषयीचा तो भाग येथे उतरून घेणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. पण तो आहे, आणि तो शत्रुपक्षाचा कांगावा म्हणून बाजूस सारता येत नाही, कारण बरद्वान दरबारच्या बाणेश्वर विद्यालंकार या पंडिताने १७४४ मध्ये रचलेल्या 'चित्रचंपू' या संस्कृत ग्रंथातही तेच चित्र आहे.

गंगारामाची मांडणी मोठी चमत्कारिक आहे. त्याच्या मते पृथ्वीला पापाचा भार झाला, म्हणून शंकरानेच नंदीकरवी शाहू महाराजांस प्रेरणा देऊन मराठ्यांस बंगालवर पाठविले. म्हणजे आरंभी मराठे ही देवाची शिक्षा. पुढे हेच मराठे गाय, ब्राह्मण आणि स्त्री यांसही सोडीनात, तेव्हा देवी क्रुद्ध झाली आणि तिने नबाबाचा पक्ष घेतला. हिंदू कवी, मुसलमान नबाब, आणि देवी नबाबाच्या बाजूस! आजकाल अठराव्या शतकाचा इतिहास दोन रंगांत रंगविण्याची जी हौस दिसते, तीस या पोथीने चांगलाच चाप बसावा.

देवीचा हा उल्लेख पोकळ नाही. त्या वर्षीच्या आश्विनात भास्करपंतांनी काटव्याजवळ दाईंहाट येथे मोठ्या थाटाने दुर्गापूजा मांडली होती. बंगालच्या मुलखात, बंगालच्या पद्धतीने, आसपासच्या जमीनदारांकडून सामग्री आणवून. सप्तमी झाली, अष्टमी झाली. नवमीच्या पहाटे नबाबाचे सैन्य नदी ओलांडून छावणीवर येऊन पडले. पूजा टाकून मराठे निघाले.

याच धामधुमीत गंगेच्या पूर्वतीरावर इंग्रजांच्या कंपनीची वखार होती. सुतानुटी, कलिकाता आणि गोविंदपूर अशा तीन खेड्यांचे मिळून वाढलेले ते गाव. पश्चिमेकडून पळालेल्यांतले कित्येक येथे येऊन राहिले. हुगळी पडली तेव्हा नदीच्या पलीकडच्या काठावर, वरच्या अंगास, प्रत्यक्ष मराठ्यांचे ठाणे बसले. कलकत्त्याच्या देशी रहिवाशांनी कंपनीकडे अर्ज केला: गावाभोवती खंदक खणण्याची परवानगी द्यावी, खर्च आमचा आम्ही करू. परवानगी मिळाली. उत्तरेस बागबाजारपाशी नदीपासून आरंभ करून, पूर्वेकडून अर्धवर्तुळाकार वळसा घेत, दक्षिणेस गोविंदपूरच्या टोकाला पुन्हा नदीस मिळावयाचे, असा सात मैलांचा बेत होता. पश्चिमेस नदी होतीच. १७४३ मध्ये कंपनीने या कामासाठी पंचवीस हजार रुपये उसने दिले. सुतानुटीच्या शेठ घराण्यातील मंडळी आणि उमिचंद व्यापारी त्यास जामीन राहिले.

सहा महिन्यांत तीन मैल खणून झाले. मग मराठे येत नाहीत असे दिसू लागले, आणि कुदळी थांबल्या. दक्षिणेची बाजू कधीच पुरी झाली नाही. खंदकाच्या काठापर्यंत एकही मराठा स्वार कधी आला नाही.

खणलेल्या भागात एक मौज होती. पूर्वेस हलशीबागान येथे खंदकाची रेघ सरळ न जाता बाहेरच्या बाजूस फुगली होती. तेथे उमिचंदाची आणि कंपनीच्या जमीनदारी कचेरीतील मातब्बर कारभारी गोविंदराम मित्र यांची बागबंगलेवजा स्थाने होती. ती आत यावीत म्हणून खंदकानेच वळण घेतले! रस्त्याची आखणी चालू असता कोणाच्या तरी कुंपणापाशी येऊन ती एकाएकी कशी वळते, हे ज्यांनी आपापल्या गावी पाहिले असेल, त्यांना अठराव्या शतकातील कलकत्ता परके वाटण्याचे कारण नाही.

त्या खंदकावरून कलकत्त्याच्या गोऱ्या रहिवाशांना थट्टेने 'डिचर' म्हणजे खंदकवाले म्हणत. मुंबईकरांना ते बदके म्हणत आणि मद्रासवाल्यांना मुलगुताणी सारावरून 'मल'. नाव मराठ्यांचे, श्रम आणि कर्ज बंगाल्यांचे, आणि बिरुद मिरवले साहेबांनी.

इकडे मराठ्यांची तऱ्हा पाहावी. १७४३ च्या आरंभी रघूजी भोसले स्वतः बंगालवर आले. नबाबाने पेशव्यांशी संधान बांधले, आणि बाळाजी बाजीराव तथा नानासाहेब पेशवे दुसरी मराठी फौज घेऊन बंगालमध्ये उतरले ते रघूजींना हाकलण्यासाठी, नबाबाकडून बावीस लक्ष रुपये खर्चास घेऊन. एकाच वर्षी दोन मराठी फौजा, एक लुटणारी आणि दुसरी लुटीपासून राखणारी. दोन्हींच्या घोड्यांना दाणावैरण मात्र त्याच शेतकऱ्याची. पुढे शाहू महाराजांनी मध्यस्थी करून दोघांचे प्रांत वाटून दिले, तेव्हा पूर्वेकडचा वाटा रघूजींस सुटला आणि नबाबास दिलेले आश्वासन वाऱ्यावर गेले. नबाबानेही मग धर्माधर्म पाहिला नाही. ३१ मार्च १७४४ रोजी मानकरा येथे वाटाघाटींच्या निमित्ताने तंबूत बोलावून भास्करपंतांसह वीसहून अधिक मराठे सरदारांना त्याने मारविले. छावणीत मागे राहिलेल्या रघूजी गायकवाडाने उरलेली फौज सुखरूप बाहेर काढली. तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. १७५१ च्या तहाने ओरिसा नागपूरकरांकडे गेला, बंगालची चौथाई सालीना बारा लक्ष ठरली आणि सुवर्णरेखा नदी ही हद्द झाली. त्यानंतर १८०३ पर्यंत ओरिसात नागपूरकरांचा अंमल होता. तेथील आठवण मात्र अगदीच कडवट नाही: कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीला जगन्नाथाच्या दारापुढे उभा राहिला तो मराठ्यांच्या अमदानीतच.

खंदकाची गोष्ट मात्र तहाने संपली नाही; उलट ती तेथून खरी सुरू होते. अलीवर्दीखान १७५६ च्या एप्रिलमध्ये वारला. नातू सिराजउद्दौला गादीवर आला. इंग्रज कलकत्त्यास तटबंदी वाढवीत आहेत आणि मराठा खंदक साफ करीत आहेत, ही त्याची एक प्रमुख तक्रार होती. ज्या खंदकाने आजोबाच्या शत्रूला अडवावयाचे, तो नातवाला आपल्याविरुद्ध वाटू लागला. जूनमध्ये तो चालून आला. १६ तारखेस बागबाजारच्या टोकाला, जेथे खंदक नदीस मिळत होता, तेथे त्याच्या लोकांना इंग्रजांनी थोपविले. मग त्याचे सैन्य पूर्वेकडे वळले आणि तिकडून गावात शिरले. २० जूनला किल्ला पडला. चौदा वर्षांपूर्वी पुरा न झालेला तो वळसा कोणालाच कामी आला नाही. पुढच्या फेब्रुवारीत क्लाइव्हने धुक्यातून छापा घातला, तेव्हा नबाबाचा मुक्काम कोठे असावा? उमिचंदाच्या त्याच बागेत, खंदकाने वळसा घालून आत घेतलेल्या.

प्लासीच्या कटाच्या वेळी मीर जाफराने इंग्रजांशी जो करार केला, त्यात एक कलम असे आहे की खंदकाच्या आतील इतर जमीनदारांची जमीन, आणि खंदकाबाहेर सहाशे यार्डपर्यंतची जमीन, कंपनीस द्यावी. आम्हांस हे कलम त्या साऱ्या कागदांत विशेष मोलाचे वाटते. मराठ्यांच्या भीतीने भेदरलेल्या व्यापाऱ्यांनी कर्ज काढून अर्धवट खणलेली एक नाली; तिचा उपयोग शेवटी इंग्रजी राज्याची पहिली सीमारेषा मोजण्यास झाला. (उमिचंदाच्या नशिबी त्याच कटात तांबड्या कागदावरचा खोटा करार आला, ती कथा सर्वश्रुत आहे.) १७९४ साली कलकत्ता शहराची हद्द अधिकृतपणे ठरविण्यात आली तेव्हाही खंदकाची आतली कड हीच पूर्वेची हद्द धरली गेली. १७९९ मध्ये वेलस्लीच्या कारकीर्दीत खंदकाचा मोठा भाग बुजवून सर्क्युलर रोड झाला. राहिलेला भाग १८९३ पर्यंत भरून निघाला. त्या रस्त्याच्या उत्तरार्धास आज आचार्य प्रफुल्लचंद्र रायांचे आणि दक्षिणार्धास आचार्य जगदीशचंद्र बसूंचे नाव आहे. म्हणजे भीतीची रेघ दोन शास्त्रज्ञांच्या नावे झाली, हे चांगलेच झाले.

कोणी म्हणेल, बंगालची ही कर्मकथा धारवाड-हुबळीकडच्या मराठी माणसास कशाला? तर आमच्या देशपांडे नगरापासून वीस किलोमीटरांवर धारवाडचा किल्ला होता. त्याचा दरवाजा आणि काही अवशेष उरले आहेत. मुख्यतः मातीचे तट आणि भोवती खंदक अशी त्याची रचना होती. १७९० च्या सप्टेंबरात परशुरामभाऊ पटवर्धनांनी त्यास वेढा घातला. सोबत कॅप्टन लिटलची इंग्रजी पलटण होती आणि आत टिपूचा किल्लेदार बद्रुज्जमानखान. खंदक भरून काढण्यासाठी आत लाकूडफाट्याच्या मोळ्या टाकल्या, तर आतल्यांनी त्या पेटवून दिल्या. सहा महिन्यांहून अधिक काळ तो मातीचा किल्ला दाद देईना. १७९१ च्या एप्रिलमध्ये तो शरण आला. तेथेही खंदकाच्या बाहेरच्या अंगास आम्हीच होतो. आणि त्याच मोहिमेत, त्याच महिन्याच्या सुमारास, मराठी फौजेबरोबरच्या टोळ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. शारदांबेच्या पीठावर असा घाला पडल्यावर जगद्गुरूंनी टिपूस लिहिले आणि टिपूने पूजेच्या पुनःस्थापनेसाठी साहाय्य पाठविले. ती कानडी पत्रे १९१६ साली म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याने उजेडात आणली.

आमच्या एका कानडी सहशिक्षकांनी, फार सौजन्याने, चहाच्या वेळी ही गोष्ट काढली होती. आपल्याकडे याचे ठरावीक उत्तर तयार असते: ते पेंढारी होते, लमाण होते, सरदारांना कळलेही नव्हते. हे उत्तर खोटे नाही. भाऊसाहेबांना या प्रकाराचे दुःख झाले असेही इतिहासकार सांगतात. तरी ते उत्तर देताना आमचा स्वर मनासारखा लागला नाही. ज्याचे घर लुटले गेले त्याने घोडा सरकारी की खासगी याची चौकशी करावी, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने धरावी? ज्या वस्तीत आपण राहतो तिचे नाव देशपांडे, आडनाव वतनाचे. त्याच आडनावाची कानडी घरे शेजारी, मराठी घरेही शेजारी. एकमेकांच्या ताटातले आपल्याला सगळे ठाऊक असते. एकमेकांच्या पाळण्यावरचे गाणेही ठाऊक असावयास हरकत नाही.

बंगालमध्ये या ठाऊक करून देण्याचे काम एका मराठी माणसाने केले, आणि त्याचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. सखाराम गणेश देऊसकर. कोकणातील देऊस गावचे त्यांचे पूर्वज अठराव्या शतकात मराठी सत्तेच्या विस्ताराबरोबर पूर्वेकडे गेले आणि देवघरजवळ करौं या गावी स्थायिक झाले. म्हणजे बर्गींच्या लाटेबरोबर वाहत गेलेलेच एक घर. त्या घरात १८६९ मध्ये जन्मलेला हा गृहस्थ मराठी बोले आणि बंगाली लिही; 'हितवादी' या बंगाली पत्राचे त्याने संपादन केले. १९०२ साली त्याने कलकत्त्यात शिवाजी उत्सव सुरू केला. विचार करावा: ज्या गावाने दीडशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या धास्तीने खंदक खणला, त्या गावात शिवाजी महाराजांचा उत्सव, आणि तो खंदक पुरता बुजल्यास दहा वर्षेही झालेली नाहीत! १९०४ मध्ये देऊसकरांच्या 'शिवाजीर दीक्षा' या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी 'शिवाजी उत्सव' ही कविता लिहून दिली. १९०६ च्या उत्सवास लोकमान्य टिळक स्वतः गेले.

देऊसकरांनी बर्गींचे समर्थन केले म्हणून हे घडले नाही. त्यांनी १९०४ मध्येच 'देशेर कथा' हे पुस्तक लिहिले. त्यात इंग्रजी अमदानीत देश कसा नागवला गेला त्याचा आकडेवार हिशेब बंगाली वाचकापुढे ठेवला. चौथाईपेक्षा मोठी लूट कोणती, ते बंगाल्यास त्याच्याच भाषेत एका मराठी घरातील माणसाने समजावून दिले. १९१० मध्ये सरकारने त्या पुस्तकावर बंदी घातली. १९१२ मध्ये देऊसकर वारले. त्याचा हिंदी अनुवाद केला तो त्यांचे भाचे बाबूराव विष्णु पराडकर यांनी. हेही काशीच्या मराठी घरातले, पुढे 'आज' या हिंदी दैनिकाचे विख्यात संपादक. परभाषेच्या मुलखात राहिलेल्या मराठी घरांनी त्या मुलखाला काय दिले, याचा हिशेब कोणी मांडावयास घेतला तर मामा-भाच्यांची ही जोडी पहिल्या पानावर यावी.

काही वर्षांपूर्वी एका शिक्षक-परिषदेच्या निमित्ताने आम्ही कोलकात्यास गेलो असता मुद्दाम सियालदहपासून श्यामबाजारपर्यंत पायी चाललो. खंदक शोधीत होतो असे म्हणणे धाडसाचे. बसगाड्या, फेरीवाले आणि गर्दी यांच्याखाली काय दिसणार? सोबत एक वृद्ध बंगाली अध्यापक होते. आमचे गाव, भाषा विचारून झाल्यावर ते हसून म्हणाले, "म्हणजे तुम्ही बर्गी!" आम्हीही हसलो, आणि म्हणालो की आमच्या घराण्यात घोडा कधी नव्हता, सरकारी नाही आणि खासगीही नाही. मग त्यांनी देऊसकरांचे नाव काढले. शाळेत असताना वडिलांच्या कपाटात 'देशेर कथा' पाहिल्याचे सांगितले. देऊसकर मराठी हे त्यांना ठाऊक होते. ते मराठी बोलत की नाही, एवढेच त्यांना आमच्याकडून हवे होते.

बागबाजारात, जेथे खंदकाचा आरंभ झाला होता, त्या भागात एक गल्ली आहे. तिचे नाव मराठा डिच लेन. रस्त्यांची नावे कोलकात्यात पुष्कळ बदलली, ही तेवढी राहिली. आसपास जुनी घरे आहेत, दुकाने आहेत. आणि १९१९ साली सुरू झालेली बागबाजारची सार्वजनिक दुर्गापूजा दर आश्विनात याच वस्तीत भरते व दशमीपर्यंत यथासांग चालते. खंदकाची खूण म्हणून तेथे काही उरलेले नाही. नाव आहे, आणि तेथे राहणाऱ्या बंगाली कुटुंबांची पत्रे त्या नावाने येतात.